विम्याची किटली

रोझविटा माउखला घरातली कुठलीही वस्तू आताशा नुसती वस्तू म्हणून दिसेनाशी झाली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं की आधी त्याच्या मापाचं खोकं दिसे, मग बबल रॅपचे वेढे, मग वजन, आणि सगळ्यात शेवटी वेळ. आई टेकडीवरच्या वृद्धनिवासात राहायला गेली तेव्हापासून हे सुरू झालं होतं. स्टुटगार्टच्या त्या जुन्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात फळ्या ठोकून केलेला एकेक कप्पा होता. आईच्या कप्प्यात तीन पिढ्यांनी ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं आणि कुणालाच कधी न लागलेलं सामान कोंबून भरलं होतं. रोझविटा ते एकेक वर आणी, पुशी, फोटो काढी आणि जुन्या वस्तूंच्या साइटवर गावच्या नदीवरून घेतलेल्या ‘नेकरकाठ’ या टोपणनावानं विकायला ठेवी.

फोटो ती जिन्यात काढी. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली पांढरी बशी पिवळी दिसे आणि मग घेणारे कुरकुर करत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे रंगीत काचांची एक खिडकी होती, तिला रुंद दगडी कट्टा होता, आणि तिथं सकाळी असा उजेड येई की टवका उडालेली सुरईसुद्धा खानदानी दिसावी.

विकायला तिला काही वाटत नसे. जीव जाई तो पाठवताना. पाठवायचे दोन मार्ग होते. बिनविम्याचं पाकीट स्वस्त. ते हरवलं तर देवाची इच्छा. विम्याचं पार्सल महाग. ते हरवलं तर अर्ज. घेणाऱ्याला ती दोन्ही भाव कळवी आणि घेणारा बहुतेक वेळा स्वस्तातलं निवडी, कारण हरवतात ती पार्सलं दुसऱ्यांची असतात असा माणसाचा ठाम समज आहे. मग घेणारा तिकडे ब्रेमेनमध्ये निवांत घोरे आणि इकडे रोझविटा अंथरुणात उठून बसे. पाकीट आत्ता कुठल्या गाडीत असेल, त्याच्यावर काय रचलं असेल, आपण ‘नाजूक’ लिहिलं ते चारी बाजूंनी लिहिलं ना. शाळेच्या कार्यालयात ती अर्धा दिवस नोकरी करत होती. उरलेला अर्धा दिवस ती काळजी करी. तिच्या नावापुढे साइटवर पाचच्या पाच तारे होते. ते तारे म्हणजे तिच्या झोपेचे तुकडे होते म्हणा ना.

अशात एके दिवशी मुरांब्याच्या मोठ्या पातेल्यात तिला ती किटली सापडली. चिनी मातीची, कॉफीची, उंच मानेची, निळ्या काठाची. चेरी छापलेल्या कागदी टेबलक्लॉथमध्ये ती चुरगाळून गुंडाळलेली होती. झाकणाची मूठ कधीतरी तुटून परत चिकटवलेली, आणि चिकटवणाऱ्यानं ती किंचित तिरकी बसवलेली. आपल्या दिवंगत बापाचीच ही करामत, असं रोझविटा मनाशी म्हणाली. त्यानं चिकटवलेली कुठलीच वस्तू आयुष्यात सरळ उभी राहिली नव्हती. तिनं किटली कट्ट्यावर ठेवली, फोटो काढला आणि प्रामाणिकपणे लिहिलं: मूठ जुनी चिकटवलेली, तिरकी, पण पक्की.

तासाभरात ‘दुपारची कॉफी’ नावाच्या कुणाचा तरी निरोप आला. घासाघीस नाही, ‘शेवटचा भाव काय’ नाही. इतकी सभ्य माणसं साइटवर सहसा नसतात, त्यामुळे रोझविटाला जरा संशयच आला. निरोपात लिहिलं होतं: सांगितल्या भावात घेते, मात्र विमा उतरवूनच पाठवा. टपालखर्च माझ्याकडे.

रोझविटाचं मन भरून आलं. इतक्या दिवसांत विमा मागणारं पहिलंच शहाणं माणूस. तिनं ‘आनंदानं’ असं उत्तर पाठवलं, पैसे जमा झाले, आणि मग पत्ता आला.

गुडरुन एप्लर. रस्ता तिचाच. घर क्रमांक तिचाच. पहिला मजला.

सोबत एक ओळ होती: ‘कृपया थेट माझ्याच हातात मिळेल असं पाहा. आमच्या इमारतीत वरच्या लोकांकडे पार्सल ठेवलेलं मला चालत नाही.’

वरचे लोक म्हणजे आपण, हे कळायला रोझविटाला फार बुद्धी चालवावी लागली नाही. दुसऱ्या मजल्यावर तर गेल्या उन्हाळ्यापासून कुणी राहतच नव्हतं, आणि तिसऱ्यावर तीच होती.

*

एप्लरबाईंशी माउखांचं बोलणं नव्हतं. का नव्हतं, ते रोझविटानं आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की आता ऐकताना तिला झोप येई. दहा-अकरा वर्षांपूर्वी इमारतीला शंभर वर्षं झाली म्हणून मागच्या अंगणात सगळ्यांनी टेबलं जोडली, प्रत्येकानं आपापली कपबशी खाली आणली, केक झाले, बटाट्याचं सॅलड झालं, कुणी तरी अ‍ॅकॉर्डियन वाजवलं. संध्याकाळी पाऊस आला आणि जो तो हाताला लागेल ते उचलून पळाला. दुसऱ्या दिवशी एप्लरबाईंची किटली सापडेना. त्या वर आल्या आणि आईला म्हणाल्या, ‘तुमच्या टोपलीत एकदा परत बघता का?’

यातल्या ‘परत’ या शब्दावर आईनं पुढची सगळी वर्षं काढली. ‘परत बघा म्हणजे? पहिल्यांदा बघितलं ते खोटं होतं का? सरळ चोर म्हण की.’ त्या दिवसापासून दोन्ही घरांचा व्यवहार जिन्यात चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून चाले. झाडलोटीची पाळी तिसऱ्या मजल्याची असली की खाली चिठ्ठी लागे: ‘कुणीतरी कोपरे विसरतं.’ पहिल्या मजल्याची असली की वर लागे: ‘कुणीतरी नुसतंच पाणी फिरवतं.’ त्या इमारतीत ‘कुणीतरी’ इतकी कामं बिघडवत असे की त्याला भाडं लावायला हवं होतं.

रोझविटा तेव्हा इथं नव्हती. नवरा आणि कासेल शहर एकदमच सोडून ती आईकडे आली ती नंतर, आणि घर, फर्निचर आणि भांडण असं सगळंच तिला मिळालं. पहिल्या दोहोंवर कर तरी लागतो, म्हणजे कुणी मोजदाद ठेवतं. तिसरं बिनबोभाट अंगाला चिकटलं. एप्लरबाई जिन्यात समोर आल्या की रोझविटा पत्रपेटीत तोंड घालून उभी राही, पेटी रिकामी असली तरी.

आणि गोष्टीत किटली होती हे तिला ठाऊक होतं, पण किटलीला काठ होता आणि तो निळा होता, हे आईनं शेकडो वेळा सांगूनही तिच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. आता शिरलं. शिरलं आणि बाहेर निघेना. टेबलावर किटली होती आणि ती आपल्या तिरक्या मुठीनं रोझविटाकडे मान वाकडी करून बघत होती.

*

वृद्धनिवासात आई खिडकीशी बसून खालून बस सुटताना कोण उशिरा पोचतं ते बघत होती. तो तिचा करमणुकीचा कार्यक्रम. येत्या रविवारी तिला पंचाऐंशी पूर्ण होणार होती आणि तो सोहळा इथं नाही, आपल्या इमारतीच्या अंगणातच व्हायचा असा तिचा हुकूम होता. सगळ्या बिऱ्हाडांना बोलवायचं. एक सोडून.

रोझविटानं फोनवरचा फोटो तिच्यापुढे धरला. आईनं चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. एवढा वेळ तिला आजवर कुठलाच फोटो बघायला लागला नव्हता.

‘सापडली वाटतं,’ ती म्हणाली.

‘तुला माहीत होतं?’

‘टेबलक्लॉथ सगळा गोळा करून आणला होता पावसात. त्याच्यात होती. मंगळवारी उलगडला तेव्हा दिसली.’

‘आणि त्या कधी आल्या होत्या?’

‘सोमवारी.’

‘मग मंगळवारी खाली जाऊन द्यायची ना, आई.’

‘तिचं खरं करायला?’ आईनं बसकडे नजर लावली. ‘सोमवारी मी तिला दारात उभं करून सुनावलं होतं. चांगलं सुनावलं होतं. मंगळवारी काय किटली घेऊन जाऊ?’

‘वस्तू त्यांची होती.’

‘वस्तू तिची होती. अपमान माझा होता.’

रोझविटानं विकत घेणारी कोण ते सांगितलं. आईनं चष्मा काढून डबीत घातला. मग म्हणाली की पैसे परत कर आणि सांग फुटली म्हणून. रोझविटा म्हणाली, आपण असं खोटं लिहिणार नाही. आई म्हणाली, मग फोड आणि खरं लिही.

निघताना तिनं लेकीचा हात धरला. एरवी ती धरत नसे. ‘रोझी, रविवारी मला तिथं ताठ मानेनं बसायचंय. तिला कळलं असेल तर मी गाडीतून उतरणार नाही. तू केक खा आणि मला इथं परत आणून सोड.’

*

म्हणजे आता किटली गेली तरी पंचाईत आणि राहिली तरी. सौदा मोडला तर कारण द्यावं लागणार. स्वतः खाली नेऊन दिली तर दारातच सगळं उघडं पडणार. रोझविटानं आयुष्यात पहिल्यांदा बिनविम्याच्या पाकिटाकडे निराळ्या नजरेनं पाहिलं. विमा नाही, क्रमांक नाही, सही नाही. असं पाकीट हरवतं. हरवलं असं म्हणताही येतं. आईचा रविवार वाचला असता, आणि एप्लरबाईंना पैसे स्वतःच्या खिशातून परत करून आपण वर भली बाई ठरलो असतो. हा विचार तिनं इतक्या बारकाईनं केला की तिचं तिलाच भय वाटलं. मग ती उठली आणि तिनं खोकं शोधलं. खोक्यात खोकं, मधे वर्तमानपत्राचे बोळे, किटलीला तीन वेढे, झाकणाला वेगळे तीन, चोचीत कापूस. पाठवणाऱ्याच्या जागी तिनं शाळेचा पत्ता घातला. खोटा नव्हता, फक्त अर्धवेळ होता.

पार्सलं कोपऱ्यावरच्या झेकीच्या दुकानात घेत. झेकी बिडी-काडी, वर्तमानपत्रं, लॉटरी आणि गावच्या बातम्या विकायचा. शेवटचा माल फुकट. तो ठेठ तिथलीच बोली बोलायचा, रोझविटापेक्षाही ठेठ, कारण ती कासेलला जाऊन बिघडली होती.

त्यानं पत्ता वाचला, मग रोझविटाकडे पाहिलं, मग पत्ता परत वाचला.

‘माउखताई, पत्ता चुकला तुमचा. हे तुमचंच घर आहे.’

‘चुकला नाही.’

‘एप्लरबाईंना? खालच्या?’

‘हो.’

‘द्या इकडे. दुकान बंद केलं की तिकडूनच जातो मी. दारात ठेवतो. एक पैसा नको.’

‘फुकट नको. विमा हवा.’

झेकीनं मान हलवली. विम्याचे पैसे घेतले, शिक्का मारला आणि पावती देताना आपलं ज्ञान पाजळलं: फुटलं-बिटलं तर भरपाई मागताना वस्तूच्या खरेदीची पावती लागेल हां, ती तुमच्याकडे असेलच. रोझविटा म्हणाली, असेल. ती पावती असलीच तर जगात एकाच माणसाकडे असणार होती, पहिल्या मजल्यावर.

मग सुरू झाली ती खरी यातना. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी म्हण आहे, पण त्या बिचाऱ्याला आपला कळसा आत्ता कुठल्या वेशीवर पोचलाय ते दर पाच मिनिटांनी फोनवर दिसत नव्हतं. रोझविटाला दिसत होतं. पार्सल स्वीकारलं. पार्सल निघालं. पार्सल गावाबाहेरच्या टपाल वर्गीकरण केंद्रात पोचलं, म्हणजे झेकीच्या दुकानापासून दूर आणि घरापासून आणखी दूर. तिथं ते अडलं. दिवसभर तीच ओळ. शाळेत तिनं एका मुलाच्या दाखल्यावर जन्मतारखेच्या जागी पार्सलाचा क्रमांक टाकला. घरी आल्यावर ती जिन्यात पहिल्या मजल्यावर पाय न वाजवता चढे, जणू किटली तिच्याच पोटात होती आणि तिचा आवाज झाला असता. फुटावी असं वाटे, आणि फुटली असेल या कल्पनेनं घाम फुटे. दोन्ही इच्छा एकाच वेळी बाळगणं हे अर्धवेळ माणसाचं काम नव्हे.

शनिवारी सकाळी ओळ बदलली. गाडीत चढवलं. आज पोचेल.

त्या आठवड्यात ‘झाडलोटीची पाळी’ ही पाटी तिच्याच दाराला लटकत होती आणि त्या गावात शनिवारी जिना न झाडणारा माणूस फक्त मेलेला असू शकतो. ती वरून झाडत झाडत खाली आली. एप्लरबाई पिशवी घेऊन बाजारात गेलेल्या तिनं वरूनच पाहिल्या होत्या. पहिल्या मजल्यावर ती झाडू घेऊन उभी असतानाच पार्सलवाला दोन पायऱ्या एकदम चढत आला, एप्लरांची घंटा दाबली, थांबला, पुन्हा दाबली, आणि वळला.

समोर झाडू हातात घेतलेली बाई. ‘घरात नाही’ म्हणायची सोय नाही.

‘शेजारी का? घेता का यांचं?’

रोझविटा म्हणाली की या बाईंना वरच्यांकडे ठेवलेलं चालत नाही.

‘तुम्ही वरच्या?’

तिनं मान डोलावली. पार्सलवाल्यानं खोक्याच्या सहाही बाजू तपासल्या. ‘असं काही इथं लिहिलेलं नाही. नाव काय तुमचं?’ त्यानं झाडू तिच्या हातातून काढून भिंतीला टेकवला, त्या हातात खोकं दिलं, दुसऱ्या हाताच्या बोटानं यंत्रावर सही घेतली, एप्लरांच्या पेटीत चिठ्ठी टाकली आणि खाली पळाला. त्याच्या गाडीचे दिवे लुकलुकत होते. अख्ख्या आठवड्याचा घोर त्यानं मिनिटभरात उरकला.

खोकं हातात घेऊन रोझविटा जिन्यात उभी राहिली. आपलंच गुंडाळलेलं, आपल्याच अक्षरातलं. सही झाली की विमा संपतो, हे तिला पाठ होतं. म्हणजे आता किटलीला काही झालं तर जबाबदार जगात एकच होती. आणि खालच्या पेटीत चिठ्ठी पडली होती: तुमचं पार्सल माउख, तिसरा मजला, यांच्याकडे आहे.

*

तिनं खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. मग वाटलं, कडेला आहे, म्हणून मधे सरकवलं. मग जाऊन उरलेला जिना झाडला. मग झाडलेला जिना परत झाडला. पत्रपेटीच्या फटीत चिठ्ठीचं टोक दिसत होतं, दोन बोटांनी ओढलं असतं तर आलं असतं. दुसऱ्याच्या पत्रपेटीत बोटं घालणं हा गुन्हा आहे. तिनं बोटं एप्रनच्या खिशात घातली आणि वर गेली.

एप्लरबाईंची पावलं तिला ओळखू येत. ती पहिल्या मजल्यावर थांबत, किल्ल्या वाजत, दार लागे. आज पावलं थांबली. किल्ल्या वाजल्या नाहीत. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पावलं वर येऊ लागली, आणि इतकी सावकाश की रोझविटाला वाटलं आपणच खाली जाऊन त्यांना ओढून आणावं.

दारात एप्लरबाई कोटातच होत्या. पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती. हातात चिठ्ठी होती.

‘तुमच्याकडे माझं काहीतरी आहे.’

‘आहे. या ना.’

त्या आत आल्या. त्या उंबऱ्याच्या आत त्या इतक्या वर्षांनी येत होत्या, पण नजर इकडेतिकडे न टाकता सरळ टेबलापाशी गेल्या. विम्याचं पार्सल साक्षीदारासमोर उघडावं असं म्हणतात, त्या म्हणाल्या, आणि कात्री मागितली. पहिलं खोकं, दुसरं खोकं, बोळे, वेढे. प्लास्टिक संपेना.

‘एवढं गुंडाळलंय, चोरीचा माल वाटावा.’

रोझविटाचे कान तापले. किटली बाहेर आली, मग झाकण. एप्लरबाईंनी झाकण किटलीवर ठेवलं, अंगठ्यानं मूठ हलवून पाहिली आणि खुर्ची ओढून बसल्या.

‘आमच्या ह्यांनी चिकटवली होती. काही म्हणून सरळ बसवता यायचं नाही त्यांना.’

रोझविटा उभीच होती. आता काहीतरी बोलायला हवं होतं आणि तिला फक्त टपालाचे भाव आठवत होते. शेवटी ती म्हणाली की पाठवणारी मीच आहे.

‘माहीत आहे,’ एप्लरबाई म्हणाल्या. ‘फोटोत जिन्यातली खिडकी आहे ना. खालची हिरवी काच आमच्या मुलानं फोडली होती, चेंडूनं. बदलली ती वेगळ्या हिरव्याची मिळाली. तसा हिरवा दुसरीकडे कुठं नाही.’

‘मग वर येऊन मागितली का नाहीत? तुमचीच होती.’

‘मागितली होती एकदा. काय झालं ते बघताय ना.’

बाहेर कुठलीतरी घंटा वाजत राहिली. एप्लरबाई प्लास्टिकचा एक फुगा बोटात धरून दाबत होत्या.

‘आणि विमा?’ रोझविटानं विचारलं. ‘विमा कशाला?’

‘एकदा हरवलेली वस्तू, दुसऱ्यांदा बिनविम्याची मागवू?’ फुगा फुटला. ‘शिवाय बघायचं होतं. बिनविम्याची पाठवली असतीत तर हरवली म्हणायला मोकळ्या होतात तुम्ही. मी तेच केलं असतं कदाचित.’

रोझविटानं खाली पडलेले बोळे गोळा केले. आपण किती बारकाईनं तोच विचार केला होता ते सांगण्यासारखं नव्हतं.

‘एकच सांगा,’ एप्लरबाई म्हणाल्या. ‘तिला कधी सापडली?’

इथं खोटं बोलायला जागा होती. आईला कधी कळलंच नाही, मलाच आता सापडली, असं म्हटलं की सगळं गोडीगुलाबीनं मिटलं असतं. आईची मान ताठ, रविवार सुखरूप. रोझविटानं तोंड उघडलं आणि त्यातून ‘मंगळवारी’ असं बाहेर पडलं.

‘मी सोमवारी बोलले होते.’

‘हो.’

एप्लरबाईंनी डोळे मिटले. त्या आता रडणार की ओरडणार याचा अंदाज घेत रोझविटा जवळच्या जवळ रुमाल शोधू लागली. पण बाईंनी फक्त लांब श्वास सोडला, जड पिशवी खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा.

‘म्हणजे होती तुमच्याकडे,’ त्या म्हणाल्या. ‘इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याच तळघरात असेल. पावसात मीही दोन टोपल्या तशाच नेऊन ठेवल्या होत्या खाली. उघडल्याच नाहीत कधी. सापडली असती तर? एका निरपराध बाईला चोर म्हटलं होतं मी. दरवर्षी ठरवायचे की कप्पा आवरू, आणि दरवर्षी कुलूप बघून परत यायचे.’

त्या दोघी बाया, एक वर आणि एक खाली, एकाच किटलीला घाबरून आपापली तळघरं कुलूपबंद ठेवून होत्या. आणि जिन्याच्या कोपऱ्यांवरून चिठ्ठ्या लिहीत होत्या.

रोझविटानं पैशांची गोष्ट काढली. परत करते म्हणाली. एप्लरबाईंनी ते कानाआड केलं. रविवारबद्दल मात्र त्यांनी स्वतःच विचारलं. अंगणातलीच टेबलं ना? येणार ना तुमची आई? रोझविटानं मग सगळं सांगितलं. तुम्हाला कळलं असेल तर ती गाडीतून उतरणार नाही, हेही.

‘मग तिला सांगू नका.’

‘काय?’

‘मला कळलंय ते. तुम्ही पार्सल पाठवलं, मी घेतलं, कुणाशी कोण बोललंच नाही. पंचाऐंशी वर्षांच्या बाईला आता इतक्या उशिरा नवा वैरी कुठून मिळणार?’

त्यांनी किटली कोटाच्या आत धरली, पिशवी उचलली आणि उतरायला लागल्या. अर्ध्या जिन्यात थांबून, वर न बघता, म्हणाल्या, ‘कोपरे आज चांगले निघालेत.’

*

रविवारी आई गाडीतून उतरली. आधी तिनं काच खाली करून लेकीचा चेहरा वाचला. पार्सल गेलं, घेतलं, कुणी काही बोललं नाही, असं रोझविटानं सांगितलं. पहिली दोन वाक्यं तरी खरी होती. आईनं मोत्यांची माळ सारखी केली आणि अंगणात टेबलाच्या टोकाला अशी बसली की जणू इमारत तिच्याच वाढदिवसाला बांधली होती.

केक कापला गेला. रोझविटानं खुर्चीखाली फोन चोरून पाहिला. ‘दुपारची कॉफी’नं शेरा दिला होता. चार तारे. वस्तू वर्णनाप्रमाणे, पॅकिंग अतिशय उत्तम, टपालखर्च अंतराच्या मानानं जास्त. पाचवा तारा गेला म्हणून तिला चुटपुट लागली. तेवढ्यात वर खिडकी उघडल्याचा आवाज झाला.

पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी. तिच्या कठड्यावर एक हात किटली ठेवून आत गेला. किटलीत झेंडूची चार फुलं खोचली होती. झाकण शेजारी, तिरकी मूठ अंगणाकडे करून. आणि किटली ठेवली होती ती कठड्याच्या अगदी कडेला, जिथं पडद्याचं टोक वाऱ्यानं येऊन तिला शिवत होतं. खाली फरसबंदी.

रोझविटानं केकचा काटा खाली ठेवला. धावत वर जावं तर सगळ्यांदेखत एप्लरांच्या दारात उभं राहावं लागणार, आणि ओरडावं तर काय म्हणून ओरडावं. पडदा फुगला, किटलीला टेकला, परत गेला. विमा तर कालच संपला होता.

टेबलावरचे सगळे जण कॉफी ढवळत होते. आई मात्र मान वर करून बघत होती. तिनं चष्मा काढला, पुसला, लावला. मग तिनं पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एप्लरनं नवी किटली घेतलेली दिसते, असं जाहीर केलं आणि केकचा दुसरा तुकडा मागितला.

तो ताटलीत पडल्यावर ती लेकीच्या कानाशी वाकली.

‘झाकण वेगळं गुंडाळलं होतंस ना?’

‘हो, आई.’

‘आणि विमा?’

‘उतरवला होता.’

आईनं परत एकदा वर पाहिलं. पडदा नुकताच किटलीला शिवून आत गेला होता.

‘बरं केलंस,’ ती म्हणाली. ‘बघ कुठं ठेवलीय. त्या बाईचा काही भरवसा नाही.’